तिला न सांगता दुधात काही घालू नका

दोन महिन्यांपूर्वी सातपूरला शिफ्टवर जाणाऱ्या एका गृहस्थांनी माझ्या टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत तपकिरी भुकटी. नाव नाही, तारीख नाही, कुणी बनवली तेही नाही. "मॅडम, हे अजून चालू ठेवलं तर चालेल ना?" बायको बाहेर बाकावर बसली होती. तीन आठवडे रात्रीच्या दुधातून हे तिच्या पोटात जात होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. (या लेखातल्या पेशंटचे तपशील ओळख पटू नये इतके बदलले आहेत.)

ही युक्ती त्यांच्या डोक्यातली नव्हती. 'बायकोची इच्छा का जाते' असा एक मेसेज नाशिकच्या ग्रुपांवर फिरतोय, मलाच तो तीनदा आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पस्तिशीनंतर बाई थंड पडतेच. त्याआधी पडली तर नोकरी, मोबाईल किंवा 'बाहेरचं कुणीतरी' कारणीभूत. आपणहून इच्छा होत नाही म्हणजे आजार. आणि उपाय, चाळीस दिवस चूर्ण, दुधातून, 'तिला न सांगता'.

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मला यातलं एकही वाक्य सोडून देता येत नाही. शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण धोका तिथे सर्वात जास्त आहे.

'शक्तिवर्धक' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, गुपचूप मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. हृदयविकारासाठी नायट्रेटच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचा रक्तदाब त्याने जीवघेणा उतरू शकतो. साध्या अश्वगंधेनेही क्वचित यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, आणि थायरॉइडच्या औषधांत ती गोंधळ घालू शकते. कामशक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. पण भुकटीत नुसती सुंठ असती तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. जिच्या शरीरात औषध जाणार तिला विचारल्याशिवाय ते द्यायचं नाही. नवऱ्याने तर नाहीच नाही.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, बायकोला आत बोलवा आणि तुम्ही स्वतः सांगा. त्यांनी सांगितलं. ती काहीच बोलली नाही. पिशवी उचलून पर्समध्ये टाकली आणि बराच वेळ पर्सची चेन लावत राहिली.

मग मी तिला एकटीला विचारलं, इच्छा कधीपासून होत नाही? आठवून म्हणाली, दिवाळीनंतर. दुसरं काही सुरू झालं होतं का तेव्हा? झालं होतं. आई गेल्यावर झोप उडाली, रडू थांबेना, म्हणून डॉक्टरांनी निराशेची गोळी दिली होती, एसिटॅलोप्रॅम. या जातीच्या गोळ्यांनी इच्छा कमी होणं, सुखाच्या टोकाला पोचायला वेळ लागणं, हे नेहमी दिसतं. निराशेनेही इच्छा जाते, म्हणून क्रम नीट विचारावा लागतो. तिचं मन सावरलं होतं, इच्छा मात्र गोळीनंतर गेली होती. हे कळायला पाच मिनिटं लागली. मोबाईल नाही, बाहेरचं कुणी नाही. अशी गोळी आपल्या मनाने बंद करू नका, त्याचा त्रास होतो. ज्यांनी दिली त्यांनाच सांगा. डोस कमी करता येतो, औषध बदलता येतं.

आता पस्तिशी. या वयात शरीरात असं कुठलंही बटण बंद होत नाही. पाळी जाण्याच्या सुमारास, साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान, इस्ट्रोजेन हे स्त्रीचं संप्रेरक (हार्मोन) उतरतं, योनीत कोरडेपणा येतो आणि संबंध दुखायला लागतात. जे दर वेळी दुखतं ते मनाला नकोसं होणारच. त्यावर जागेवर लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम आहे, चांगलं काम करतं (स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी विचारा). हाच कोरडेपणा अंगावर पाजणाऱ्या तरुण आईलाही येतो, कारण तेव्हाही इस्ट्रोजेन कमी असतं.

दिंडोरीकडची एक मुलगी आठवते, सव्वीस वर्षांची, बाळ पाच महिन्यांचं. द्राक्षांच्या हंगामात पॅकहाउसमध्ये दिवसभर उभी. सासूबाई म्हणाल्या, "ही जवळच येऊ देत नाही त्याला." तपासलं तर टाक्यांची जागा बोट लागताच दुखत होती आणि हिमोग्लोबिन आठ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यात घरकाम. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्या बिनपगारी कामात दिवसाला २८९ मिनिटं जातात, घरकाम करणाऱ्या पुरुषाची ८८. रात्री अकराला ओटा पुसून आडव्या होणाऱ्या बाईला झोप हवी असते, आणि त्यात तिचं काहीही चुकत नाही.

'आपणहून इच्छा होत नाही म्हणजे आजार' हा मुद्दा वाचून कितीतरी बायका स्वतःला दोषी धरतात, याचं मला फार वाईट वाटतं. रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरांनी २००० साली मांडलं की अनेक स्त्रियांमध्ये इच्छा आधी येत नाही, जवळीक, स्पर्श, निवांतपणा यांच्यामागून येते. म्हणजे सुरुवातीला मन कोरं असणं हे निरोगीच आहे. आजार म्हणायचं तर तक्रार साधारण सहा महिने टिकलेली हवी आणि त्रास तिला स्वतःला होत असायला हवा. नवऱ्याला होणारा त्रास हा निकष नाही. आणि जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे 'नको' वाटणं हा शरीराचा शहाणपणा आहे. तिथे गोळी नको, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर हवा.

'बायकांची व्हायग्रा' मागायलाही लोक येतात. सिल्डेनाफिल रक्तप्रवाहावर काम करतं, इच्छेवर नाही. स्त्रियांवरच्या त्याच्या चाचण्या खुद्द व्हायग्रा बनवणाऱ्या फायझर कंपनीने २००४ मध्ये थांबवल्या. अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळालेलं फ्लिबान्सेरिन हे स्त्रियांच्या इच्छेसाठीचं औषध रोज घ्यावं लागतं, फरक थोडाच पडतो आणि चक्कर येते.

त्यापेक्षा साध्या गोष्टी आधी करा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, आणि पाळी अनियमित असेल तर प्रोलॅक्टिन या हार्मोनची तपासणी. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. दुखतं का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. कोरडेपणाला पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट मेडिकलमध्ये मिळतं. खोबरेल कंडोमसोबत वापरू नका, रबर कमकुवत होतं.

ती सातपूरची बाई परवा एकटी आली होती. गोळी बदलून महिना झालाय, थोडा फरक वाटतो म्हणाली. फी काढायला पर्स उघडली तेव्हा ती पिशवी अजून आतच होती. माझी नजर गेलेली तिने पाहिली. "यांनी दिलेलं दूध अजून मी घेत नाही, मॅडम," ती म्हणाली. "चहा माझा मीच करते."