अ‍ॅश्ली हे नाव कोणाचे?

ऑस्ट्रेलियाची महिला क्रिकेटपटू अ‍ॅश्ली गार्डनर हिच्या फिरकीचे कौतुक रंगात आले असताना आमच्या कट्ट्यावरच्या ज्येष्ठ काकांनी आक्षेप घेतला की, अ‍ॅश्ली हे मुळात पुरुषाचे नाव आहे. त्यांनी पुरावेही दिले. १९६९च्या भारत दौऱ्यातील कसोटी मालिकेत २८ बळी घेणारा अ‍ॅश्ली मॅलेट पुरुषच होता आणि २००१ साली बंगळूरच्या कसोटीत ज्याच्या चेंडूवर तेंडुलकर ९० धावांवर यष्टिचीत झाला, तो अ‍ॅश्ली जाइल्सही पुरुषच.

“अहो, पण अ‍ॅश म्हणजे राख. असले नाव ठेवावेच कशाला?” असे एकाने विचारताच भाषेचा अभ्यास केलेल्या मित्राने त्याला थांबवले. राखेचा शब्द वेगळा. इथला अ‍ॅश म्हणजे युरोपातला एक वृक्ष, ज्याच्या चिवट लाकडाचे अवजारांना दांडे बसवतात. ‘ली’ म्हणजे रानातली मोकळी जागा. अशा जागी वसलेल्या गावांना अ‍ॅश्ली म्हणू लागले, गावावरून आडनाव झाले आणि आडनाव पुढे मुलग्यांना ठेवले जाऊ लागले.

“म्हणजे माझेच खरे,” काका म्हणाले.

मला ते पटले नाही. रानातल्या मोकळ्या जागेला कसले आले स्त्रीलिंग-पुल्लिंग? अमेरिकेत १९९१ आणि १९९२ या दोन्ही वर्षी नवजात मुलींच्या नावांत अ‍ॅश्ली पहिल्या क्रमांकावर होते, आणि ते ठेवणाऱ्या आईबापांपैकी फारच थोड्यांच्या मनात झाडे असतील. शर्ली या नावातही हाच ‘ली’ आहे. शार्लट ब्राँटी यांच्या १८४९च्या कादंबरीत नायिकेला ते पुरुषी नाव मिळाले आणि पुढे ते बायकांचेच होऊन बसले. नाव कोणाचे हे उगमावरून ठरत नाही, ते हाक मारणारे ठरवतात, असे माझे ठाम मत आहे.

काकांनी थोडा विचार करून किरण मोरे यांचे नाव घेतले. लगेच कोणीतरी किरण बेदींचे घेतले. मराठीत ‘तो किरण’ म्हणतात, तरी मुलींनाही ते नाव शोभते, हे काकांनी मान्य केले. “पण किरण म्हटले की आपल्याला उजेड दिसतो,” ते म्हणाले. “अ‍ॅश्ली म्हणताना त्या लोकांना रान दिसते का?”

याला मात्र माझ्यापाशी उत्तर नव्हते.