मॅटर आलं म्हणून हब गेलं, असं नाही

‘मॅटरचा शिक्का असलेली वस्तू घेतली की वेगळं हब लागत नाही’ हे स्मार्ट घरांवरच्या एका लेखातलं वाक्य वाचून लोक दुकानात जातील आणि फसतील, म्हणून लिहितोय. (हब म्हणजे स्मार्ट उपकरणं घरच्या नेटवर्कला जोडून देणारी पेटी.) ऑक्टोबर 2022 मध्ये आलेलं मॅटर हे मानक स्मार्ट उपकरणांनी एकमेकांशी कसं बोलायचं तेवढं ठरवतं. निरोप पोचवायला खाली वाय-फाय, इथरनेट किंवा थ्रेड (कमी विजेवर चालणारं वायरलेस जाळं) लागतंच. वाय-फायचा प्लग तुमच्या राउटरला थेट जोडला जातो, पण थ्रेडवरच्या सेन्सरला ते जाळं घरच्या नेटवर्कला जोडणारा थ्रेड बॉर्डर राउटर घरात हवाच. काही स्मार्ट स्पीकरमध्ये तो असतो, सगळ्यांत नाही. आणि झिगबी या वेगळ्या वायरलेस पद्धतीवरचे जुने दिवे ब्रिजशिवाय, म्हणजे मधल्या दुवा जोडणाऱ्या पेटीशिवाय, मॅटरमध्ये येत नाहीत.

दुसरं, मेशबद्दल, म्हणजे उपकरणांनी एकमेकांमार्फत निरोप पुढे पाठवण्याबद्दल, लिहिताना त्या लेखात भिंतीवरचं बटण राहूनच गेलं. आमच्याकडे आई झोपताना सगळी बटणं बंद करते. पॅसेजमधल्या झिगबी दिव्याची वीज गेली की मागच्या दाराचा सेन्सरही गप्प, कारण त्याचा निरोप त्या दिव्यामार्फत पुढे जायचा. विजेवरची बहुतेक झिगबी उपकरणं निरोप पुढे पाठवतात, बॅटरीवरची नाही. शेवटी साधा दिवा ठेवून स्विचबोर्डाच्या आत दिवा चालू-बंद करणारं झिगबी मॉड्यूल बसवलं. आता आईने बटण कितीही वेळा दाबलं तरी मॉड्यूलला वीज मिळत राहते. मात्र आधी वायरमनला बोर्डात न्यूट्रलची तार आहे का ते बघायला सांगा. नुसती बटणं असलेल्या जुन्या बोर्डांत ती बऱ्याचदा नसते, आणि न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल बहुधा निरोप पुढे पाठवत नाहीत.