लिंबू-तुरटीने विषाणू मरत नाहीत, तिसऱ्या नीट शिजवाव्या लागतात

वडोदऱ्यातील मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक संदेश फिरत आहे: समुद्राच्या एका थेंबात लाखो विषाणू असतात, त्यांनीच सील मारले, आता पाळी माणसाची आहे, आणि ते उकळूनही मरत नसल्यामुळे मासळी दोन तास लिंबू-तुरटीच्या पाण्यात ठेवून तिची फक्त एक वाफ काढावी. दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मामींनी त्यावर विश्वास ठेवून तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) तशाच केल्या आणि मुलांना वाढल्याही, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

थेंबाचा आकडा खरा आहे, एवढे मान्य करावे लागते. पृष्ठभागाजवळच्या एका मिलिलिटर समुद्रजलात साधारण एक कोटी विषाणू असतात. परंतु त्यांतील बहुतेक जिवाणूंवर हल्ला करणारे असून माणसाच्या पेशींशी त्यांना काही कर्तव्य नसते. सीलही मेले होते: १९८८ मध्ये उत्तर समुद्राच्या परिसरात सुमारे १८,००० सील दगावले. तो विषाणू कुत्र्यांना होणाऱ्या डिस्टेंपर या रोगाच्या विषाणूचा भाऊबंद होता आणि त्याची साथ माणसांत आली नाही.

लिंबू-तुरटीचा सल्ला मात्र सरळसरळ घातक आहे. उकळून न मरणारा विषाणू लिंबाने मरेल, हे लिहिताना कोणाला खटकलेही नाही का? शिंपल्यांतून पसरू शकणारा, कावीळ करणारा हिपॅटायटिस ए चा विषाणू आपल्या जठरातल्या आम्लातून सुखरूप पार होतो, तिथे लिंबाचा काय पाड लागणार? त्याला मारते ती उष्णता, आणि तीही पुरेशी हवी: अन्नमानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स आयोगाच्या मार्गदर्शनानुसार शिंपल्यातील मांसाचे आतले तापमान किमान दीड मिनिट ८५ ते ९० अंश सेल्सिअस राहिले पाहिजे. शिंपले उघडले म्हणजे आतले मांस शिजले, असे मुळीच नाही. १९८८ च्या सुरुवातीला शांघायमध्ये सुमारे तीन लाख लोकांना हिपॅटायटिस ए झाला तो याच घाईमुळे; शिंपले उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून अर्धकच्चे खाण्याची तिथे पद्धत होती.

तो विषाणू समुद्रात जन्मलेलाही नव्हता. माणसांच्या मैल्यातून तो पाण्यात गेला, आणि पाणी गाळून जगणाऱ्या शिंपल्यांत साठत राहिला. आपली वडोदऱ्याची विश्वामित्री नदीही ढाढर नदीमार्गे खंभातच्या आखातालाच मिळते. तेव्हा मासळीवालीकडे चौकशी करायचीच असेल, तर तिसऱ्या कोणत्या खाडीतल्या आहेत आणि तिथे जवळपास सांडपाण्याचा नाला येतो का, एवढे विचारावे.