सदतीस धावांची चर्चा

मार्च 2025 मधल्या पहिल्या सोमवारी सकाळी ठाण्यातल्या तलावपाळीच्या कट्ट्यावर दुबईतल्या न्यूझीलंडविरुद्धच्या विजयाखेरीज दुसरा विषय निघेल असे कोणालाही वाटले नव्हते. पण आदल्याच दिवशी विदर्भाने केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात रणजी चषक पटकावला होता, म्हणून विदर्भाचे अभिमानी सुधीरभाऊ नागपूरहून आलेल्या संत्राबर्फीचा डबा घेऊन अवतरले आणि प्रभाकरकाकांच्या कपाळावर आठी उमटली. काकांचा जन्म दादरचा. शिवाजी पार्कच्या मातीखेरीज अन्यत्र क्रिकेट उगवत नाही असा त्यांचा सिद्धान्त असून तो ते गेली तीस वर्षे त्याच शब्दांत मांडत आले आहेत.

"केरळला तुम्ही हरवलेत कुठे? सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावात सदतीस धावा जास्त केल्या म्हणून चषक नेलात," असे म्हणत काकांनी बर्फीचे दोन तुकडे उचलले. त्यांच्या मते खरा विजेता प्रतिस्पर्ध्याला दोनदा बाद करतो.

सुधीरभाऊंनी डब्याचे झाकण शांतपणे लावले. "काका, गेल्या हंगामात उपान्त्यपूर्व फेरीत तुम्ही बडोद्याला किती धावांच्या आघाडीवर बाहेर काढले होते? 384 आणि 348. वजाबाकी करा, छत्तीस येतात. आम्ही तुमच्यापेक्षा एक धाव जास्तच घेतली."

काकांनी त्या सामन्यात दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या फलंदाजांनी, म्हणजे तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे यांनी झळकावलेल्या शतकांचे वर्णन सुरू केले. ते सुंदर होते, परंतु प्रश्नाचे उत्तर नव्हते.

मग काकांनी ठेवणीतले अस्त्र काढले. करुण नायर कर्नाटकचा, ध्रुव शोरी दिल्लीचा, आणि विदर्भाला पहिली दोन विजेतेपदे मिळाली तेव्हाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित व त्या संघातले वासिम जाफर हे तर अस्सल मुंबईकर. तेव्हा विदर्भाचे स्वतःचे असे उरते काय? मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे मीही मान्य करतो. सुधीरभाऊंनी मात्र तो उलटवला. "ज्या पंडितांनी तुम्हाला 2015-16 मध्ये रणजी जिंकून दिली, त्यांना तुम्ही पुढच्या हंगामानंतर सोडले. आम्ही नुसते घरात घेतले, तर सलग दोनदा चषक आला. आता अंतिम सामन्यात 153 धावा करणारा दानिश मालेवार कुठला ते सांगा. हंगामात 69 बळी घेऊन विक्रम करणारा हर्ष दुबे कुठला? आणि उपान्त्य सामन्यात एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना घरी पाठवणारा पार्थ रेखडे?"

"कोण रेखडे?" काकांनी विचारले.

"तेच तर दुखणे आहे ना बाप्पा! तुमच्या संघाला माहीत झाले, तुम्हाला अजून नाही."

वानखेडेवरच्या 2024 च्या अंतिम सामन्यात मुंबईने विदर्भाला 169 धावांनी हरवले, त्या दिवशी काकांनी सुधीरभाऊंच्या दारात पेढे नेऊन दिले होते. त्यांतला एकही पेढा आपण खाल्ला नाही, असे सुधीरभाऊंनी या वेळी प्रथमच जाहीर केले. काकांना ते मनापासून लागले. ते पेढे दादरहून मुद्दाम आणलेले होते.

वातावरण निवळावे म्हणून मी, जन्माने पुणेकर, एवढेच म्हणालो की मुंबई आणि विदर्भ ही दोन्ही आपलीच माणसे आहेत. ती चूक होती. दोघेही एकदम माझ्याकडे वळले आणि तुमच्या महाराष्ट्र संघाने शेवटची रणजी कधी जिंकली, असे एका सुरात विचारू लागले. उत्तर 1940-41 असल्यामुळे मी ते टाळले आणि 2013-14 मध्ये आम्ही अंतिम फेरी गाठली होती, याची आठवण करून दिली.

"अंतिम फेरी गाठून हरलात," काका म्हणाले, "आमच्याकडे त्याला हंगाम वाया गेला असे म्हणतात."

सुधीरभाऊ इतके हसले की त्यांनी डब्याचे झाकण स्वतःच उघडून काकांपुढे धरले. माझ्यापर्यंत डबा आला तेव्हा त्यात चुरा होता.