धाकटं आलं? मग थोरल्याला लावा कामाला

नागपुरात दुसरं बाळंतपण काढायचं तर वैशाखातच काढावं. दिवाळीनंतरच्या थंडीत माणसं शांत डोक्यानं वागण्याचा धोका असतो. बाहेर ४४-४५ अंश, दुपारचे दोन, आणि एकाच कूलरच्या खोलीत बाळंतीण, पाच दिवसांचं लेकरू, साडेतीन वर्षांचा थोरला, गुडघे धरून बसलेली आजी आणि कामठीहून बाळ बघायला आलेल्या मामेसासूबाई, एवढे जण कोंबले की मग कुटुंब म्हणजे काय ते कळतं.

तयारी मात्र आधीपासून करावी लागते. थोरल्याला महिनाभर रोज सांगत राहावं, "तुला खेळायला भाऊ येणार." नवजात बाळ दिवसाचे चौदा ते सतरा तास झोपतं आणि त्याला जेमतेम वीत-सव्वा वीत अंतरावरचं दिसतं, हे अजिबात सांगू नये. प्लॅस्टिकची बॅट घेऊन तो पाळण्याशी उभा राहील, बॉल टाकेल, आणि समोरून हालचाल नाही म्हटल्यावर बॅटनंच हलवून बघेल. तेव्हा म्हणावं, "पोट्ट्या, काही कळते का तुले?"

त्याच्या आयुष्यातले राहिलेले सगळे बदलही याच आठवड्यात उरकून घ्यावेत. आईजवळची झोपायची जागा काढून त्याला आजोबांच्या खोलीत टाकावं. दुधाची बाटली बंद. रात्रीचा डायपर बंद. नर्सरीचा गणवेश आणून अंगाला लावून बघावा. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे "आता तुला शाळेतच टाकतो" ही धमकी आपल्याकडे आठ-पंधरा दिवस जास्त पुरते. हेच बदल दोन-तीन महिने आधी केले असते तर त्यानं ते निमूट पचवले असते. पण मग बाळाचा आणि आपल्या हकालपट्टीचा संबंध त्याला जोडता आला नसता, आणि मुलाची तर्कबुद्धी वाढली पाहिजे.

दवाखान्यातली पहिली भेट नीट जमवावी. तो आत येईल तेव्हा आईच्या दोन्ही हातांत बाळ असलं पाहिजे, एका हाताला सलाइन असेल तर फारच छान. तो पळत येऊन पलंगावर चढायला लागला की चार-पाच जणांनी एकदम ओरडावं, "अरे टाके आहेत, टाके!" काही घरांत बाळाला पाळण्यात ठेवून पहिली पाच मिनिटं आईचे हात थोरल्यासाठी मोकळे ठेवतात आणि बाळाकडे जायचं की नाही हे त्याच्यावर सोडतात. असल्या घरांतली पोरं पुढं कशी निघतात देव जाणे.

घरी आल्यावर खरी मजा दूध पाजण्याच्या वेळांत आहे. नवं बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पितं, आणि एकेका वेळेला वीस ते चाळीस मिनिटं जातात. म्हणजे दिवसाचे पाच-सहा तास आई एका जागी खिळलेली असते, आणि घरात ही गोष्ट सगळ्यात आधी थोरल्याच्या ध्यानात येते. बाळानं चार वेळा सोडून पाचव्यांदा नुसतं टोक नाही तर भोवतालचा काळा भागही नीट तोंडात घेतलेला असतो, गिळल्याचा बारीक आवाज यायला लागलेला असतो, आईचे खांदे जरा खाली आलेले असतात. त्याच क्षणी दारात चड्डी घोट्यापर्यंत उतरवून थोरला उभा. "आई, शू." बाबा म्हणतो, "चल, मी नेतो." "नाही. आईच पाहिजे." आणि नाहीच म्हटलं तर शू तिथंच.

हे टाळणं दुर्दैवानं फार सोपं आहे. पाजायला बसण्याआधी त्याला एकदा मोरीत नेऊन आणणं, आईच्या शेजारी वाटीभर मुरमुरे, पाण्याचा तांब्या, आणि एक टोपली, जिच्यातले चार खेळ फक्त बाळ पीत असतानाच बाहेर निघतात. दोन मिनिटांचं काम. म्हणूनच ते कोणी करू नये. उलट त्याची खेळणी माळ्यावर चढवावीत, कारण पाहुणे येणार आहेत.

सहा महिन्यांपूर्वी सुटलेली चड्डीतली शू आता परत सुरू होईल. तो बोबडं बोलायला लागेल, बाटली मागेल, रांगूनही दाखवेल. बाळासारखं केलं की बाळासारखं मिळतं, असा त्याचा सरळ हिशेब आहे. दुर्लक्ष केलं आणि रोज दहा मिनिटं कोणी फक्त त्याच्यापाशी बसलं, तर काही आठवड्यांत हा प्रकार बहुतेक वेळा आपोआप ओसरतो. पण सात मोठी माणसं असलेल्या घरात दहा मिनिटं आणायची कुठून? त्यापेक्षा पाहुण्यांसमोर ओली चड्डी उंच धरून दाखवावी. "एवढा मोठा घोडा झाला अन् पाहा!"

आता बाळंतिणीकडे वळू. वैशाखात तिला पाणी कमी द्यावं, कारण पाण्यानं पोट सुटतं असं कोणीतरी कधीतरी म्हटलेलं आहे. ती दिवसभर पाजते आहे आणि आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं, या गोष्टी तिनं मनात ठेवाव्यात. तिचं वाचवलेलं पाणी चमच्यानं बाळाला पाजावं. उन्हाळा आहे, त्याच्या घशाला कोरड पडत असणार. सहा महिने बाळाला वरचं पाणी लागत नाही, नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा नाही, हे डॉक्टर सांगतात. पण डॉक्टर तर एसीत बसतात. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी पाच-सात मिली मावतं, म्हणजे चहाचा एक चमचा. तो चमचा पाण्यानं भरला की दुधाला जागा उरत नाही, ओढ कमी झाली की आईला दूधही कमी येतं, आणि मग तिसऱ्या दिवशी "हिचं दूध पुरतच नाही" असं निर्धास्त जाहीर करता येतं. बाळाच्या लंगोटांकडे मात्र बघू नये. पाच-सहा दिवसांनंतर रोज सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर दूध पुरतं आहे, एवढी साधी ती मोजणी आहे. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून येतं, हेही माहीत करून घेऊ नये. नाहीतर बोलायला विषय राहणार नाही.

चमच्याचा हा कार्यक्रम थोरल्याच्या देखत करावा, म्हणजे त्याचं शिक्षण होतं. आजीनं मध चाटवलेला तो कोपऱ्यातून बघत असतो. वर्षाच्या आत मध देऊ नये, त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बोटुलिझमसारखा भयंकर आजार होऊ शकतो, हे आजीला कोणी सांगितलेलं नसतं, थोरल्याला तर नाहीच. दुपारी सगळ्यांचा डोळा लागला की तो पाळण्याशी जाऊन आपल्या हातातल्या संत्रा बर्फीचा तुकडा बाळाच्या ओठावर ठेवतो. अगदी आजीच्या हातानं, तसाच मान वाकडी करून. यावर एक धपाटा द्यावा. मध घालणाऱ्या हाताला धपाटा देण्याची रीत आपल्यात नाही.

टाळूचंही तसंच. सकाळी मालिशवाल्या बाई तळव्यानं रगडून टाळूवर तेल जिरवतात, नाक चिमटीत धरून सरळ करतात, कानांत तेलाचे थेंब सोडतात. बाळ निळंजांभळं होऊन रडतं आणि घर कौतुकानं बघतं. त्याच टाळूला थोरल्यानं एक बोट लावलं तर घर डोक्यावर घ्यावं.

कपडे भरपूर घालावेत. टोपडं, मोजे, तीन दुपटी. मोठ्यांनी बनियनवर बसायचं आणि बाळाला महाबळेश्वरला निघाल्यासारखं बांधायचं. मानेच्या मागं हात लावून बघितला तर घाम लागेल, म्हणून तो लावू नये. या दिवसांत अंगावर एक पातळ सुती झबलं पुरतं, पण मग बारशाला आलेली दुपटी दाखवायची कुठं? बाजेखाली शेगडी ठेवावी, ओवा आणि बाळंतशोपाची धुरी द्यावी. बाहेर पंचेचाळीस, बाजेखाली निखारे, आणि वर धूर. बाळ शिंकलं की म्हणावं, "कूलर बाधला."

कूलरबद्दल दोन शब्द. लू येऊ नये म्हणून खोलीचं दार आणि समोरची खिडकी गच्च लावून घ्यावी. कूलरनं आत ढकललेली ओली हवा कुठून तरी बाहेर निघाली तरच खोली गार होते. ती वाट बंद केली की तासाभरात चिकचिक सुरू होते आणि बाळाच्या मानेला, काखेत घामोळं उठतं. मग घामोळ्यावर पावडर थापावी, म्हणजे छातीतही थोडी जाते. कूलरच्या मागच्या बाजूला थोरला टाकीत कागदाच्या होड्या सोडत असेल. अर्थिंग तपासण्याचं काम दरवर्षीप्रमाणे पुढच्या वर्षी. ही एक गोष्ट तेवढी गमतीत घेऊ नका, राजेहो. चालू कूलरच्या टाकीत लेकराचा हात दिसला तर आधी प्लग काढा, हा लेख मागाहून वाचा.

पाहुण्यांना काही शिकवावं लागत नाही, ते घरूनच शिकून येतात. ई-रिक्षातून उतरायचं, हात न धुता बाळ उचलायचं, गालाचा मुका घ्यायचा आणि थोरल्याला म्हणायचं, "तू नको लावू रे हात, खराब असतात." मग गमतीनं, "तुझं बाळ आम्ही घेऊन जाऊ का?" साडेतीन वर्षांच्या मुलाला गंमत समजत नाही. तो "न्या" म्हणतो. सगळे हसतात. तो आत जाऊन दुपटी, झबली, डायपरचा पुडा असं सगळं पिशवीत भरून आणतो, पाहुण्यांच्या चपलांशी ठेवतो, आणि ते बाळ न घेताच निघाले की रडतो. पाहुण्यांनी शब्द मोडला, पण ओरडा त्यालाच बसतो.

संध्याकाळी बाळ रडेल. दोन-तीन आठवड्यांपासून हे रडणं वाढत जातं, दीड महिन्याच्या सुमाराला कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. पण एवढं थांबायचं कशाला? मीठ-मोहरी ओवाळून झाली की संशय थोरल्यावर घ्यावा: "यानंच चिमटा काढला असेल." कधी कधी काढलेलाही असतो. त्यातलं गणित त्याला पक्कं ठाऊक आहे. गुपचूप चित्र काढत बसलं तर तासभर कोणी फिरकत नाही, आणि चिमटा काढला तर चार सेकंदांत आई, बाबा, आजी हजर. तेव्हा तो शहाण्यासारखा बसला असताना चुकूनही कौतुक करू नये. चिमट्याला मात्र सगळ्यांनी धावत जावं.

बापाचं काय? केंद्र सरकारी नोकरीत पहिल्या दोन मुलांपर्यंत १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि बाळ झाल्यापासून सहा महिन्यांत ती वापरता येते. ती बारशाचा हॉल, केटरर, पेढे आणि मामेसासूबाईंना स्टेशनवरून आणण्यात खर्चावी. थोरल्याला सकाळी उन्हं चढायच्या आत तासभर अंबाझरी तलावावर नेऊन आणण्यासाठी सरकारनं ती दिलेली नाही.

जूनच्या अखेरीस शाळा उघडेल आणि थोरला तिसऱ्या दिवशी वाहतं नाक घेऊन येईल. बाळ तेव्हा दोन महिन्यांच्या आत-बाहेर असेल. त्याचं अंग तापलं तर "दात येत असतील" म्हणून सोडून द्यावं. दात बहुधा सहाव्या महिन्याच्या आसपास येतात, पण बाळ आपलं आहे, हुशार असणार. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे वेळ न घालवता डॉक्टर, घरातलं औषध नाही, हा नियम थर्मामीटर असणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे हाताची पाठ आहे.

आणि मग येतो पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात सकाळी मारबत, म्हणजे पीडा घालवायला काढलेल्या पुतळ्यांची मिरवणूक, आणि संध्याकाळी लहान मुलांचा, लाकडी बैलांचा तान्हा पोळा. थोरल्याचा हक्काचा दिवस. त्याला खांद्यावर आणि बाळाला कडेवर घेऊन महाल भागातल्या गर्दीत, ढोलताशांच्या अगदी जवळ उभं राहावं. काळी आणि पिवळी मारबत जाताना लोक एकेका पीडेचं नाव घेऊन ओरडतात, "घेऊन जा गे मारबत!" थोरला मन लावून ऐकेल आणि मोकळी जागा मिळताच बाळाचं नाव घालून तेच ओरडेल. आजूबाजूचे हसतील. पाहुण्यांनी नेलं नाही, निदान ही तरी नेईल, असं त्याला वाटलं तर त्यात वावगं काय?

संध्याकाळी लाकडी बैल सजवायचा. दोन दिवस खपून त्यानं बेगड चिकटवलेली असते, शिंगांना रंग दिलेला असतो, झुलीची दोरी स्वतः बांधलेली असते. तो बैल घेऊन घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघणार तेवढ्यात त्याच्या हातून दोरी घ्यावी, कारण धाकट्याचा पहिला तान्हा पोळा आहे आणि फोटो काढायचा आहे. चार महिन्यांचं बाळ हातात आलेलं थेट तोंडात घालतं. शिंगाचा लाल रंग हिरड्यांवर उतरला की थोरल्याला विचारावं, बाळाच्या हातात बैल दिला कोणी.