‘प्रिंक’ फक्त बायकांचा शब्द नव्हता

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे: ‘जुन्या इंग्रजीत प्रिंक हा शब्द आरशासमोर तासन्‌तास नटणाऱ्या बायकांसाठी काढला होता. पुरुष तेव्हा साधे राहत. घरं बुडायची ती बायकांच्या हौसेपायी.’ नटण्याचा अर्थ तेवढा बरोबर आहे. बाकी सगळं चूक आहे, आणि ते तसंच सोडून देणं मला पटत नाही.

आधी शब्द. प्रिंक सोळाव्या शतकापासून सापडतो. अर्थ नटणं-मुरडणं, पण सारखं हे नीट कर, ते नीट कर अशी चाळवाचाळव करत. त्याचाच नातलग मानला जाणारा ‘प्रँक’ शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये पर्डिटा ही तरुणी स्वतःच्या सजण्याबद्दल वापरते. ‘कोरिओलेनस’मध्ये मात्र तोच शब्द सत्तेचा साज चढवून मिरवणाऱ्या रोमन ट्रिब्यूनांना, म्हणजे लोकांनी निवडलेल्या अधिकाऱ्यांना, लावला आहे, आणि ते सगळे पुरुष.

‘पुरुष साधे राहत’ म्हणणाऱ्यांनी सतराव्या शतकातल्या लंडनच्या सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याची रोजनिशी वाचावी. १ जुलै १६६० रोजी सोन्याच्या बटणांचा झगा आणि रेशमी पोशाख घरी आला, तेव्हा त्याने देवाकडे मागितलं काय, तर याचे पैसे फेडण्याची ऐपत. १६६५ मध्ये लंडनमध्ये प्लेग होता. विकत घेतलेला केसांचा टोप तो भीतीने कितीतरी दिवस घालत नव्हता, पण सप्टेंबरात रेशमी कपड्यांवर त्याने तो चढवलाच. त्याच्याही आधी, १५६२ मध्ये, पुरुषांच्या फुगीर तुमानींत किती कापड घालायचं यावर राणी एलिझाबेथला जाहीरनामा काढावा लागला होता. १७७०च्या सुमारास उंच टोप घालून फिरणाऱ्या तरुणांना लंडनमध्ये ‘मॅकरोनी’ म्हणत. १७९५ मध्ये केसांच्या पावडरीवर वर्षाला एक गिनी (तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं) कर बसला, तोही बायका-पुरुष दोघांवर.

राहिलं घर बुडण्याचं. पुरुषांच्या साध्या गडद कोटाची चाल रूढ करणाऱ्यांत अग्रणी असलेल्या ब्यू ब्रमेल या इंग्रज छानछोक्याचंच पाहा. खळ घातलेला गळपट्टा मनासारखा बसेपर्यंत तो पुन्हापुन्हा बांधायचा. म्हणजे तो साधेपणाही आरशासमोरच घडत होता. जुगार आणि उधळपट्टीने कर्ज इतकं वाढलं, की १८१६ मध्ये तो इंग्लंड सोडून फ्रान्समधल्या कॅलेला पळाला. त्याच्या घरी उधळायला बायको नव्हती, त्याने लग्नच केलं नव्हतं. १८४० मध्ये फ्रान्समधल्याच कां (Caen) शहरात तो कफल्लक अवस्थेत वारला.