जिनिंगचा फिटर बाहेरून काहून आणा लागते?

आमचा फाटा हिंगणघाटच्या अलीकडचा. चौफेर कापूस, तालुक्यात जिनिंगच जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करणारे कारखाने. तरी मशीन बिघडली की फिटर बाहेरून येतो आणि इथली आयटीआय झालेली पोरं कारखान्यातल्या कामासाठी पुण्याजवळच्या चाकणची गाडी धरतात. परवा कट्ट्यावर यावरूनच जुंपली: राज्याच्या विकासासाठी शिक्षण कारखान्याच्या कामाशी जोडायचं का?

मास्तर म्हणाले, "कारखान्याले पायजे तेवढंच शिकवाल तं पोट्टं जन्मभर मजूरच राहीन. सरकारले एक ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था पायजे, मले विचार करणारा माणूस पायजे."

"पण मास्तर," मी म्हटलं, "१९३७ ले आपल्या वर्ध्यातच गांधीजींनी नई तालीम मांडली. हातचं काम अन् पुस्तक एकाच वर्गात. ते काय मजूर घडवाले होतं?"

फिटरभाऊंची उभी हयात जिनिंगमध्ये गेली. ते पुढे सरकले. "डबल रोलर मशीनचा रोलर चामड्याच्या चकत्यांचा असते. घासून खाचा बुजल्या का पुन्हा पाडा लागते. सुरीचा दाब जराक चुकला तं सरकी फुटते, रुई खराब होते, गाठीचा भाव पडते. आयटीआयत दोन वर्षं फिटर ट्रेड केलेलं पोट्टं माह्याकडे येते. कानस चांगली चालवते, पण हा रोलर त्यानं पाह्यलाच नसते."

नागपुरात केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. फाट्यावरच्या एकाही पोराला ते ठाऊक नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. पोलीस भरतीची तारीख मात्र सगळ्यांना पाठ.

पोरांतला धाकटा तडकला. "काहून नसन पाठ? तिथं पगार हाय. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली २०२४ ले, आयटीआयवाल्याले महिन्याचे ८,००० रुपये. पण मुदत संपल्यावर नोकरीची हमी कुठी हाय? शिकून घरीच बसाचं तं भरतीचीच तयारी करतो ना!"

त्याचं खरं आहे. राज्याच्या विकासाशी शिक्षण जोडायचं तर पोरांनीच का वाकायचं? पगाराचा शब्द मालकानेही दिला पाहिजे.

भाऊंनी तोड काढली. सीझन दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत. पावसाळ्यात जिनिंग बंद, मशीन उघडून ओव्हरहॉलिंग चालतं. आयटीआयच्या पोरांना तेव्हाच तिथे पाठवा. रोलर हातात घेऊन शिकतील, दिवाळीला कामावर उभी राहतील. मी म्हटलं, पोरीही पाठवा. कापसातला ओलावा आठ टक्के की बारा, यावर शेतकऱ्याचा भाव ठरतो, ते मोजणारं माणूस गावचंच असावं.

"मालक लिहून देईन काय सीझनच्या पगाराचं?" मास्तरांनी विचारलं.

"देत असन तं पोट्टे पाठवू, नाही तं नाही. ग्रामसभेत ठरावच घेऊ," भाऊ म्हणाले.

ठरावाचा मसुदा मास्तरच लिहिणार आहेत. त्यांची एक अट आहे: नुसता पाना नाही, मशीनचं ड्रॉइंग आणि गणितही शिकवायचं. भाऊंनी ती लगेच मान्य केली. धाकटा म्हणाला, पगाराचा आकडा आधी लिहा.